टोपण लावायची सवय

संभाजीराव,
सप्रेम जय भीम.

स्वारगेटच्या दवाखान्यात तुम्ही काचेच्या सिरिंज उकळत ठेवायचात. त्यांच्या खुळखुळण्याच्या तालावर मी बाकावर बसून मनात कविता म्हणायचो. तुम्ही कंपाउंडर, मी मराठीचा मास्तर. सगळी मुलं आयटीत चाललेली असताना आपल्या दोघांच्या नातीने, दीपालीने, नर्सिंग निवडलं, तेव्हाच ती तुमची झाली.

महिन्यापूर्वी वॉर्डात वापरलेली सुई तिच्या अंगठ्यात घुसली. एड्स होऊ नये म्हणून अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या तिने. रक्ताचा शेवटचा रिपोर्ट अजून यायचाय. मला हे काल तुमच्या लेकीकडून कळलं. तुम्हाला मात्र पोरीने पहिल्याच दिवशी सांगितलं असणार. मी काय, फार तर कविता म्हणून दाखवणार.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. वापरलेल्या सुईला टोपण लावायचं नसतं, तरी तिचा हात तिकडे गेला. लिहून झालं की पेनाला लगेच टोपण लावायची सवय तिला मीच लावली होती. तेवढी ती माझी आहे.

तुमचा व्याही,
यशवंत

ता. क. पाकीट शोधत होतो, तेवढ्यात बेल वाजली. दारात तुम्हीच, घामाघूम. चप्पलही न काढता म्हणालात, "यशवंतराव, पोरीने तुम्हाला सांगितलं होतं, तर मला एक फोन करायला काय झालं होतं?"