पिशवीतली वही

अप्पा, हे देवनागरीत लिहिते आहे, म्हणजे घरात कुणाला वाचता येणार नाही. माझी मुलं तमिळ शाळेत शिकली; त्यांना आपली मराठी कळते, अक्षर लावता येत नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझा राग अजून शिळा झालेला नाही.

मद्रासची नोकरी मी तुमच्या एका पत्रावर सोडली. आपल्या गावच्या इस्पितळाचा वरचा हॉल रिकामा आहे, तिथे म्हाताऱ्या रोग्यांसाठी वॉर्ड काढू, तू सांभाळ, असं तुम्ही लिहिलं होतंत. तुमच्याबरोबरच्या विश्वस्तांना गरज पटवायची, म्हणून मी राजवाड्याभोवतीच्या गल्ल्यांतून घरोघर फिरले. सगळीकडे एकच उत्तर, आमच्याकडे सगळं ठीक आहे डॉक्टर, कॉफी घ्या. मी रडकुंडीला आले तेव्हा आपल्या स्वयंपाकघरात बसून तुम्हीच शिकवलंत, "पुढल्या दारीं विचारूं नको. मागल्या दारीं जा, चादरी कोण धुतंय बघ, तिला विचार." मग सुना बोलल्या, लेकी बोलल्या. न्हाणीशेजारच्या खोलीत वर्षानुवर्षं पडून असलेली आजी, धोतराने खाटेला बांधलेले आजोबा, कुणाच्या पाठीला हाडापर्यंत गेलेल्या जखमा. मी सगळं नावानिशी वहीत लिहिलं. ती वाचताना तुम्ही डोळे पुसलेत, आणि बैठकीला निघताना ती स्वतःच्या पिशवीत घातलीत. "मी मांडतों," म्हणालात.

बैठकीत मी भिंतीपाशी बसले आहे. परदेशी यंत्रं आणणं नुकतंच सोपं झालंय आणि एका विश्वस्ताला त्या हॉलमध्ये स्कॅनचं यंत्र हवंय. तो विचारतो, वॉर्डाची खरंच गरज आहे का? तुम्ही उठता आणि घोळवून घोळवून तमिळमध्ये सांगता, की आपल्याकडे वडीलधाऱ्यांची सेवा घरीच होते, असा वॉर्ड काढणं म्हणजे मुलांच्या तोंडाला काळं फासणं. पिशवी खुर्चीला टेकलेली आहे. तुम्ही ती उघडत नाही, माझ्याकडे बघतही नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, अप्पा. जिन्यात मी जाब विचारला तेव्हा म्हणालात, "मेजाशीं बसलेल्या दोघांच्या आया तुझ्या वहींत आहेत. त्यांची अब्रू मीं कशी उघडी टाकूं?" आणि त्या आयांच्या पाठीवरच्या जखमांचं काय, मी विचारलं. तुम्ही चपला शोधत राहिलात. महिन्याभरात हॉलमध्ये यंत्र आलं आणि हार घालून त्याची पूजा झाली.

पुढे अर्धांगवायू तुम्हालाच झाला. वहिनी तुम्हाला कुशीवर वळवायच्या, पुसायच्या, भरवायच्या. त्यांची कंबर धरली, तरी कुणी आलं की त्या सगळं ठीक आहे म्हणायच्या. एका दुपारी जड जिभेने तुम्ही मला विचारलंत, "मला कोठें नेऊन ठेवतां येईल काय? ही पोर मरतेय माझ्यापायीं."

मी म्हणाले, "कोठें नेणार, अप्पा? तसा वॉर्ड कोणी काढलाच नाही."

तुम्ही मान हलवलीत. त्यानंतर आठ महिने त्याच खाटेवर होतात आणि पुन्हा कधी विचारलं नाहीत.

जवळच्याच तिरुचीत तसा वॉर्ड तोवर सुरू झाला होता. माझ्या वर्गातलीच एक जण तिथे डॉक्टर होती. एक खाट मोकळी आहे, असं तिने मला, तुम्ही विचारलंत त्याच आठवड्यात, फोनवर सांगितलं होतं.