मंजूने पाठवलेला हिरवा प्रकाश

३ डिसें., देवास
सकाळी अकराला लेकीचा, मंजूचा फोन. नॉर्वेत तेव्हा साडेसहा. सध्या तिकडे सूर्य उगवतच नाही. काल रात्रीचा म्हणून ध्रुवीय प्रकाशाचा फोटो पाठवला. आकाशभर हिरवा पडदा, कडेला जांभळा. ह्यांनी लगेच धारला वन्संना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना फॉरवर्ड केला.

५ डिसें.
तीस वर्षं शाळेत 'ध्रुवीय ज्योति' शिकवली, ती फक्त खडूने काढून. म्हणून फोटो मोठा करून बघत बसले. खाली गवत. पानांनी भरलेलं झाड. मंजू तर म्हणाली, गुडघाभर बर्फ आहे. माझंच काही चुकतंय?

६ डिसें.
ह्यांना दाखवलं. "तिकडचं गवत तसंच असेल. तू भी क्या!" असेल. पण झाड?

८ डिसें., धार
वन्संकडे पूजा. त्या आल्यागेल्याला फोटो दाखवत होत्या. गुरुजींनीही चष्मा लावून पाहिला. "भाग्यवान हो पोर!" मी हो हो केलं.
मग गच्चीवर जाऊन मंजूला फोन. सरळच विचारलं. मग, "आई, तो सप्टेंबरचा आहे. महिनाभर मी घराबाहेरच पडले नाहीये ग." नोकरी ऑक्टोबरातच गेली म्हणे. "बाबांना सांगू नको."
रागावायला हवं होतं बहुतेक. 'जेवलीस का' एवढंच विचारलं. खाली आले तर प्रसाद वाटणं चालू.

११ डिसें., देवास
परत ये म्हटलं तर, "तिथे येऊन लोकांना काय सांगू?" मग मी येऊ का? "नको." दहा मिनिटांनी मेसेज, "पासपोर्ट आहे ना तुझा?"
ह्याचा अर्थ काय धरायचा? पासपोर्टची मुदत केव्हाच संपली. नवा काढायचा तर ह्यांना काय सांगून...
भाजीत मीठ दोनदा पडलं.

१४ डिसें.
मंजू आज बाहेर पडली. फोन कानाला, मी सोबत. बर्फाचा करकर आवाज येत होता.
"दिसतंय काही?"
"राखाडी पट्टा आहे. ढगही असेल. डोळ्यांना नेहमी हिरवं नाही दिसत आई, रंग मोबाईल भरतो."
हे मला कुठल्याच पुस्तकाने सांगितलं नव्हतं.
"थांब जरा. बघू."
"खूप थंडी आहे." तरी थांबली. श्वास ऐकू येत होता, मध्येच रडल्यासारखा. की वारा?
ह्यांनी पेपर खाली केला. "काय म्हणते? मजेत ना?"
हो म्हणू, नाही म्हणू... फोन त्यांच्याच हातात दिला.