बॉनेटवरचा चहा

बसवकल्याण, ९ फेब्रुवारी १९८३, बुधवार

शेवटी आज अप्पांच्या काळ्या मोटारीत डिझेलचं इंजिन बसलं. जुन्या पेट्रोलच्या इंजिनाचे पार्ट कुठंच मिळेनात, गाडी तीन वर्षं शेडमध्ये उभी. मग दुसरं काय करणार होतो मी? पण जुनं इंजिन उतरवलं त्या दिवशी अप्पा म्हणाले, "तिचा जीवच काढायलास की रे," आणि त्यानंतर पंधरा दिवस माझ्याशी एक शब्द न्हाई.

वडलांची ही जुनी सवय. गाडी चालू करायची आणि बॉनेटवर चहाचा काठोकाठ भरलेला कप ठेवायचा. थेंब सांडला तर इंजिनात कायतरी बिघडलंय. त्या कपाचा निकाल मिस्त्रीसुद्धा मानायचे.

आज शाळा सुटल्यावर पोरांची शिकवणी बुडवून गॅरेजात गेलो, तर अप्पा माझ्याआधी तिथं! रसूल मिस्त्रीनं चावी फिरवली. पहिल्याच झटक्याला चालू. अप्पांनी चहा मागवला, काठोकाठ भरून बॉनेटवर ठेवला. कप बशीत खडखडायला लागला, निम्मा चहा सांडला. रसूल म्हणाला, "डिझेल हाय अप्पा, थरथरणारच." मी मान खाली घातली. घाई केली का मी?

अप्पांनी धोतराच्या सोग्यानं बॉनेट पुसलं. उरलेला चहा उभ्यानंच पिला, सावकाश. मग पुढचं दार उघडून आत बसले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "उद्यापासून कप अर्धाच भरत जा."