कल्ले वरखाली

४ फेब्रुवारी

म्हाताऱ्याने आज टायरवाल्याचा कान कापला. थोडासाच, पण रक्त आलं. टायरवाला म्हणतो कसा, "काही नाही मास्तर, डास चावला असेल." डास! हातात कात्री घेऊन आलेला डास.

मग आरशात दोन्हीकडे मान वळवून बघितली आणि म्हणाला, "झकास." डावा कल्ला कानाच्या मध्यावर, उजवा जवळजवळ जबड्यापर्यंत. मागे मानेवर केसांची पायरी. झकास कसलं डोंबल!

मी पायाखालचे केस झाडत होतो. हसू दाबलं. नंतर राग आला. कशाचा ते अजून नीट कळलं नाही, म्हणून लिहून बघतोय.

तसा मी या सलूनमध्ये फोन चार्ज करायला शिरलो होतो. बस चुकली होती. म्हाताऱ्याने काही न विचारता हातात झाडू दिला, "तोवर एवढं झाडून घे पाहुण्या." त्यानंतर ती बस कितीदा आली असेल आणि गेली असेल. मी पडद्यामागच्या बाकावर झोपतो, झाडतो, टॉवेल धुतो, फवाऱ्यात पाणी भरतो. जेवण म्हाताऱ्याच्या डब्यातलं. का थांबलोय माहीत नाही. बाक बरा आहे.

५ फेब्रुवारी

टॉवेलमधून केसांचा वास जात नाही. लिंबू पिळून पाहिलं. आता लिंबाचाही येतो.

८ फेब्रुवारी

संध्याकाळी गिऱ्हाईक संपल्यावर म्हाताऱ्याने बूट काढले. बूट म्हणजे — काढले नाहीत, सोलले. घोटे दिसतच नव्हते. नुसते खांब. मोजे जिथे संपतात तिथे एवढी खोल खाच. पंच्याहत्तरी उलटलेला माणूस सकाळपासून खुर्चीभोवती गोल गोल फिरतो, बैलासारखा.

म्हटलं, "काका, बंद का नाही करत हे?"

"बंद करून काय करू? आरशात बघत बसू?"

"आराम करा."

"तुझ्या काकूच्या गोळ्यांना सांग, आराम करा म्हणून. खोलीच्या मालकाला सांग. दुकानाच्या मालकाला सांग." मग हसला. "कारागिराला पेन्शन म्हणजे हात. हात आहे तोवर आहे."

काकू अंथरुणाला खिळलेली आहे. मी तिला पाहिलेलं नाही, पण दुपारी डबा उघडला की भाजीत मीठ जास्त आहे का कमी ते म्हातारा तिला फोन करून सांगतो. तोच करतो भाजी. ती फक्त पडल्या पडल्या सूचना देते म्हणे. मुलगा आहे. लांब असतो. फोन करतो. फोन करायला काय जातंय.

आणि हात! हात तर पाखरासारखा थरथरतो. कात्री केसांपर्यंत पोचायच्या आधी हवेतच चार वेळा कटकट करते. पण लोक येतात. रोज येतात. हेच मला कळत नाही. पुढच्याच गल्लीत तरुण कारागीर आहे, सगळे त्याला फिनिशिंग म्हणतात. त्याच्याकडे मशीन आहे, गाणी आहेत, खुर्ची वर-खाली होते. तरी लोक म्हाताऱ्याकडे येतात, पूर्ण पैसे देतात, डोक्याचं वाटोळं करून घेतात आणि "झकास" म्हणत जातात.

अजून एक. म्हाताऱ्याचे स्वतःचे केस एकदम सरळ असतात. मानेवर रेघ मारल्यासारखी. स्वतःचे कुठे कापून घेतो हा? विचारायचं राहिलं. मधेच मांजर आलं आणि फवाऱ्याशी खेळायला लागलं.

११ फेब्रुवारी

टायरवाल्याच्या दुकानामागे भंगारात एक ऑफिसची खुर्ची सापडली. पाठ तुटलेली, पण चाकं शाबूत. मागे एका गावात मी सायकलच्या दुकानात होतो — किती टिकलो ते सोडा, पण चाकाचं काम येतं. पाठ कापून टाकली, वर फोम बांधला, बेअरिंगना तेल दिलं. खुर्चीभोवती बसल्या बसल्या फिरता येईल असं उंच आसन. छान झालंय. माझ्या हातून एखादी गोष्ट पूर्ण झाली की मलाच संशय येतो.

१२ फेब्रुवारी

म्हाताऱ्याला आसन दाखवलं. हाताने फिरवून बघितलं. तेल कुठलं घातलं ते विचारलं. मग कोपऱ्यात ढकललं.

"बसून बघा तरी."

"बसून केस कापणारा कारागीर पाहिलास कधी? जिवंत माणसाचे उभ्यानेच कापायचे असतात. बसून कापतात ते मेलेल्याचे."

दिवसभर आसनावर टॉवेलचा ढीग.

१३ फेब्रुवारी

कळलं! सगळं कळलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली आहे.

संध्याकाळी त्या मांजराच्या मागे पुढच्या गल्लीत गेलो. मांजर फिनिशिंगच्या दुकानात शिरलं. मी काचेतून डोकावलो — खुर्चीत कोण? बेकरीवालीचा नवरा! ज्याचे केस म्हाताऱ्याने दुपारीच कापले होते. आणि बाकावर रांगेत बसलेले सगळे आमचेच. कुणाचा कल्ला वर, कुणाचा खाली, कुणाच्या मानेवर पायरी. टायरवाला कानाला पट्टी लावून मासिक वाचत होता. उलटं धरलं होतं.

मी दार उघडलं. गाणं चालू होतं, माणसं बंद पडली.

टायरवाला म्हणाला, "ये ये, पाहुणा आला. तुझेही सरळ करून घ्यायचेत का?"

"हे काय आहे?"

"काय म्हणजे? फिनिशिंग." सगळे हसले. फिनिशिंग हसला नाही, मान खाली घालून बेकरीवाल्याचा कल्ला सरळ करत राहिला. पैसे घेत नाही म्हणे याचे. दोन वर्षं हा धंदा चालू आहे! अख्ख्या वस्तीला माहीत. एकट्या म्हाताऱ्याला नाही.

"त्याला वाईट वाटायला नको," टायरवाला म्हणाला. "त्याचं दुकान चालायला नको का?"

"मग तसेच पैसे द्या ना! महिन्याचे महिन्याला द्या आणि त्याला घरी बसू द्या."

"तो घेईल होय फुकटचे? ओळखत नाहीस तू मास्तरला."

"विचारलंत?"

टायरवाल्याने मासिक सुलटं केलं.

"दोन वर्षांत एकदा तरी विचारलंत का त्याला?"

बेकरीवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. "तू आलास कधी, जाणार कधी? ज्याला उद्या बस पकडायची आहे त्याने आम्हाला शिकवू नये."

१४ फेब्रुवारी

झोप नाही.

काय दानशूर माणसं! डोकं देतात. केस तर काय, पुन्हा वाढतात. पाय वाढतात का? हे येतात म्हणून तो उभा राहतो. जेवढे जास्त येतात तेवढा जास्त उभा राहतो. मग संध्याकाळी तिकडे बाकावर बसून एकमेकांच्या चांगुलपणाला आरशात बघतात. असा चांगुलपणा मला कुणी दाखवला तर मी त्याच्या टायरमधली हवा काढीन.

(काढावी का खरंच? आज नको.)

१६ फेब्रुवारी

झालं ते असं.

दुपारी म्हातारा बेकरीवालीच्या धाकट्या दिराचे केस कापत होता. मागे वळताना त्याचा गुडघाच निसटला. खाली बसलाच असता. दिराने बसल्या बसल्या हात मागे नेऊन त्याला कोपराला धरलं, उभं केलं, आणि पुन्हा समोर बघत म्हणाला, "चालू द्या मास्तर." जसं काही झालंच नाही. चालू द्या! माणूस पडतोय आणि हा म्हणतो चालू द्या.

म्हाताऱ्याने चालू दिलं. कपाळावरचा घाम पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसला.

दीर पैसे देऊन गेला. मी म्हाताऱ्याच्या उजवीकडे, टॉवेलच्या खुंटीपाशी उभा होतो. म्हातारा वस्तरा धूत होता. मला राहवलं नाही. सगळं बोललो. "काका, हा आता इथून फिनिशिंगकडे जाणार. सगळे जातात. तुम्ही कापता, तो सरळ करतो, रोज. तुम्हाला फसवतायत. तुमची कीव करतायत आणि वर तुम्हाला उभं करून ठेवलंय." अजूनही बोललो. हाताबद्दल बोललो. ते नको होतं.

म्हाताऱ्याने वस्तरा कोरडा केला. कंगवे सगळे एका बाजूला तोंड करून ठेवले. माझ्याकडे बघितलं नाही. बूट आधीच घातलेले होते तरी खाली वाकून एकदा लेस ओढली. आणि गेला. डबा राहिला.

खरं तेच बोललो. एकही शब्द खोटा नव्हता.

१७ फेब्रुवारी

दुकान बंद. मी आत, शटर खाली. लोक येतात, शटर वाजवतात, का बंद ते विचारतात. मी काय बोललो ते आतूनच सांगितलं. जातात.

१८ फेब्रुवारी

अजून बंद.

बेकरीत गेलो. बेकरीवाली म्हणाली, "पाव संपले." पाव माझ्यासमोर होते. वाफ निघत होती.

"हे काय आहेत मग?"

"हे माणसांसाठी आहेत."

टायरवाल्याने रस्त्यात गाठलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडलो असतो. पण तो हळू बोलला. "खरं बोललास ना? शाब्बास. आता ते खरं घेऊन जा आणि दुकानाच्या मालकाला भाडं म्हणून दे. म्हातारीला गोळीबरोबर दे." काल तो पैसे घेऊन मास्तरच्या खोलीवर गेला होता. मास्तरने दारातूनच विचारलं, "कशाचे?" याला सांगता येईना. पैसे परत घेऊन आला.

म्हणजे खरंच घेतले नाहीत. मी म्हणालो होतो, विचारा. विचारलं. झालं समाधान?

मग फिनिशिंगकडे गेलो. भांडायलाच गेलो होतो. दुकान रिकामं होतं. म्हणाला, बस. खुर्ची वर केली. माझ्या केसांना हात लावला नाही, नुसता मागे उभा राहिला.

"मी त्याच दुकानात झाडू मारायचो," म्हणाला. "त्याच बाकावर झोपायचो. बाकाचा डावीकडचा पाय डुगडुगतो अजून?"

"डुगडुगतो."

"मास्तर दर रविवारी येतो माझ्याकडे. केस कापायला. या खुर्चीत बसतो."

माझ्या डोक्यात आत्ता कुठे पेटलं. मानेवरची ती सरळ रेघ!

"दोन वर्षांपूर्वी त्यानेच सांगितलं मला. माझा हात आता पुरा पोचत नाही. माझ्याकडून उठून कुणी तुझ्याकडे आला तर सरळ करून दे, पैसे घेऊ नकोस. आणि हे मला माहीत आहे ते त्यांना कळू देऊ नकोस. कळलं तर मला त्यांच्याकडून पैसे घेता येणार नाहीत."

"म्हणजे त्याला —"

"पहिल्यापासून. त्यांना वाटतं ते त्याला सांभाळतात. तो त्यांना सांभाळतो. चाललं होतं. तू तोंडावर बोललास. आता माहीत नाही असं कसं दाखवायचं त्याने? सांग ना. कुठल्या तोंडाने उभा राहील?"

मी खुर्चीतून उठलो. डोकं फिरलं होतं. म्हटलं, "आणि पाय? सगळ्यांची अब्रू शाबूत, पाय तेवढे गेले! त्याचं काय?"

फिनिशिंग म्हणाला, "ते तू एकट्यानेच बघितलंस. हेही खरं आहे." आणि मशीनमधले केस फुंकत बसला.

१९ फेब्रुवारी

पिशवी भरली. बस सकाळी आहे. सगळ्यांचा राग येतोय. लोकांचा, त्या मुलाचा, फोनवरच्या मुलाचा म्हणजे, मालकांचा. असल्या सगळ्या रचनेचा, की माणसाला म्हातारपणी दोन घास खायला वस्तीभर नाटक करावं लागतं. आणि माझ्या जिभेचा.

टॉवेल धुवून ठेवले. डबा घासला.

२० फेब्रुवारी

शटरच्या आवाजाने जाग आली. म्हातारा. मागोमाग टायरवाला, डोक्यावर कापायला काही शिल्लक नसताना. खुर्चीत बसला, मान खाली. मी पिशवी घेऊन पडद्याशीच उभा.

म्हाताऱ्याने टॉवेलचा ढीग उचलून माझ्या हातात दिला, चाकाचं आसन पायाने ओढलं आणि त्यावर बसला. टायरवाल्याला म्हणाला, "हलू नकोस. मेलास असं समज."

कात्री हवेत कटकटली. मग माझ्याकडे न बघता —

"परवा तू काहीतरी सांगत होतास, पाहुण्या. माझा डावा कान कामातून गेलाय, तुझ्या काकूलाही माहीत नाही. तू त्या बाजूला होतास, काही ऐकू आलं नाही. महत्त्वाचं होतं का?"

"नाही काका."

टॉवेल खुंटीला लावले. खुंटी उजवीकडे आहे.