बत्तीखालचं डोकं

निमोणे,
३ मे १९७५

प्रिय ज्ञानदेव,

सप्रेम जय भीम. तुझी खुशाली विचारत नाही, आठ दिवसांवर लग्न आलेला माणूस खुशालच असतो. मी मात्र संतापले आहे. लहानपणी तू ओढ्यात दप्तर बुडवून आलास तेव्हा तुला चिंचेच्या फोकानं झोडपलं होतं. आज तू हाताशी नाहीस म्हणून हे पत्र. वस्तीतला बन्सी उद्या मुंबईला निघालाय, त्याच्या हाती देते आहे.

आईसाठी पाठवलेलं तुझं लुगडं पोचलं. हिरवं आहे, काठ चांगले आहेत. सोबतची चिठ्ठीही वाचली. आईला लग्नासाठी दौंडपर्यंतची दगदग झेपायची नाही, तिला घरीच राहू दे, व्याह्यांना तसं सांगून ठेवलंय, असं लिहिलं आहेस. अरे, ती परवा पायी न्हावऱ्याच्या बाजारात जाऊन मिरच्या घेऊन आली! तिला काय झेपत नाही आणि तुला काय झेपत नाही, हे मला चांगलं कळतं. सासरे रेल्वेत हेडक्लार्क. त्यांच्यासमोर टाळूवरचे केस गेलेली, हातभर गोंदलेली आई कशी उभी करायची, हाच तुझा घोर. ते केस कशानं गेले, हे तरी सांगितलंस का त्यांना?

मागच्या वर्षी दौंड स्टेशनावर गाडीची वाट बघत बसलो होतो, तेव्हा यार्डातल्या एका बंद डब्याकडे बोट दाखवून तू किती रंगून बोलत होतास. केरळात समुद्रकाठी काळी-तांबूस वाळू असते, तिच्यातून थोरियम काढतात, सिरियम काढतात. साहेब लोक तिला दुर्मिळ माती म्हणतात. तिचं मीठ पिंपांत भरून याच रुळांवरून मुंबईला जातं, तुमच्या कारखान्यात त्यात सुती जाळ्या भिजवतात आणि गॅसबत्तीचं मेंटल तयार होतं. काही माल बोटीनं परदेशात जातो आणि लायटरचे खडे होऊन मुंबईच्या फुटपाथवर चोरून परत येतो. तुमचं मेंटल आफ्रिकेतसुद्धा पेटतं म्हणालास. मी तोंडात बोट घालून ऐकत होते. माझा भाऊ साऱ्या जगाची साखळी घडाघडा सांगतो म्हणून ऊर भरून आला होता. शेवटची कडी तू सांगितलीच नाहीस, हे आता लक्षात येतंय. मेंटल बत्तीत बसतं आणि वरातीत बत्ती डोक्यावर बसते. ते डोकं कुणाचं, ज्ञानदेव? कारखान्यात तुम्ही हातमोजे घालता, नवं मेंटल पेटवताना धूर नाकात जाऊ देत नाही, हेही तूच सांगितलंस. आपल्या बायकांनी तो धूर जन्मभर खाल्ला, बत्तीच्या ओझ्याखाली टाळूचे केस घालवले. तू पोटात होतास तेव्हाही आई पाटलांच्या वरातीत बत्ती घेऊन चालली आहे. पाय घासत चालायचं, ठेच लागू द्यायची नाही, मेंटलची राख झडली तर वर शिव्या. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा वस्तीनं ठरवलं, दुसऱ्याच्या वरातीत बत्ती धरायची नाही. आपल्या आबांनी आईची बत्तीखालची चुंबळ चुलीत घातली. तू दहा वर्षांचा होतास, टाळ्या पिटल्यास. बहात्तरच्या दुष्काळात आईनं खडी फोडली, सरकारी सुकडी खाऊन दिवस काढले, पण बत्तीला हात लावला नाही.

आणि काल शिरूरचा बत्तीवाला पोपटराव वस्तीत आला. दौंडला मोठी वरात आहे, तिथल्या बत्त्या आधीच ठरल्यात, त्या डोक्यावर घ्यायला बाया पाहिजेत म्हणाला. शेजारच्या दगडाबाईनं त्याला तिथंच झापलं. तेव्हा त्यानं पिशवीतून मेंटलची पेटी काढून दाखवली. खुद्द नवरदेवानं आपल्या कंपनीतून पाठवलीय, तुमच्याच वस्तीतला आहे, मग कसला विटाळ, असं म्हणाला. पेटीवर तुझं अक्षर होतं. सगळी वस्ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. जमीन दुभंगावी असं वाटलं मला. पाटलांना जे एकोणीस वर्षांत जमलं नाही ते तू एका पेटीत करायला निघालास!

एकही बाई तयार झाली नाही. पोपटराव उठला, तेव्हा मागून आई बोलली, मी येते म्हणून. मी तिचा हात धरला, भांडले, रडले. ती एवढंच म्हणाली, "मला न्हाई बोलावलं त्यानं, पर बत्तीला डोकं लागतंच की. लेकाची वरात हाय, तेवढीच बघीन."

आज सकाळी तिनं तुझ्या हिरव्या लुगड्याची पट्टी फाडली आणि चुंबळ वळली. हे तुला कळावं म्हणूनच लिहायला बसले. मीही येणार आहे, पण मांडवात नाही, तिच्या शेजारून चालणार आहे. डाव्या रांगेत तिसरी बत्ती तिची. घोड्यावरून खाली उतरून तिच्या डोक्यावरची बत्ती उतरवायची की मान वळवून पुढं जायचं, हे तुझं तू ठरव. फक्त अंधारात दिसलं नाही असं मला सांगू नकोस. उजेड तुझ्याच मेंटलचा असेल.

रागावलेली, तरीही तुझीच,
आक्का