गाळून घेतलेला रस

आई, तू गेल्याला चोवीस वर्षं झाली आणि एवढ्या वर्षांत तुला काही लिहावंसं वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. तुझी आठवण आली की सोबत थोडी चिडचिडही यायची. तुझं सगळंच काटेकोर, आणि त्या काटेकोरपणात आम्हा पोरींचा जीव नकोसा व्हायचा. आज शनिवार, दुपारचे तीन वाजलेत. उद्या महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे चर्चमध्ये प्रभुभोजन. त्यात सगळ्यांना घोट घोट द्यायच्या द्राक्षारसासाठी ओट्यावर काळ्या मनुका भिजत पडल्यात आणि मला त्या पातेल्याकडे बघवत नाही. शिसारी येते. मनुकांची नाही, माझी.

तुला तो शनिवार आठवत असेल का, कोण जाणे. मी पाचवीत आहे. तू मनुका उकळून, मलमलच्या फडक्यातून गाळून, रस थंड करत ठेवलायस आणि झाकण नीट बसलं नाही म्हणून त्यात मुंग्या गेल्यात. फार नाहीत, दहा-बारा. मी म्हणते, ‘‘आई, गाळून घे ना परत. कोणाला कळणार आहे?’’ तू अख्खं पातेलं मोरीत ओततेस. मग मला पिशवी देऊन रविवार कारंजाच्या बाजारात पिटाळतेस, पुन्हा मनुका आणायला, भर उन्हात. मी परत आल्यावर एवढंच म्हणतेस, ‘‘कोणाला कळणार आहे, हे या घरात पुन्हा ऐकायचं नाही मला.’’ मला तेव्हा तुझा भयंकर राग आला होता. दहा मुंग्यांसाठी एवढा तमाशा! खरं सांगायचं तर पन्नाशी उलटेपर्यंत मी तो प्रसंग बायकांना हसत हसत सांगायची, आमची आई किती विक्षिप्त होती म्हणून.

तुझ्यामागे रस करायचं काम माझ्याकडे आलं. कोणी विचारलंही नाही, तुझी मुलगी म्हणून आपोआप आलं. पहिली काही वर्षं मी तुझ्यासारखंच केलं. मग रात्रभर भिजवायच्या मनुका दोन तास भिजवायला लागले. मग गरम पाण्यात वीस मिनिटं. मग दुकानातलं बाटलीतलं सरबत अर्धं आणि माझा रस अर्धा. लोक म्हणायचे, ‘‘अगदी तुमच्या आईच्या हातची चव,’’ आणि मी मान खाली घालून हसायची. ते हसू मला आता आठवलं की तोंड धुवावंसं वाटतं. पुढे पुढे एकदाच दुप्पट करून ठेवायला लागले, म्हणजे पुढच्या महिन्याची कटकट नको. आणि हे सगळं चालू असताना मी संडे स्कूलच्या मुलांना खोटं बोलू नये हे शिकवत होते बरं का. महिला मंडळात दारूवर बोलले, जुगारावर बोलले, कोणाची सून उपासनेला येत नाही त्यावर तर तासभर बोलले. आमच्याकडे पापं म्हणजे शेजारच्या घरातली. आपल्या फ्रिजमधल्या बाटलीला पाप म्हणायचं कोणाच्या डोक्यात येतंय?

गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी सकाळी ती बाटली काढली. झाकण उघडलं तर वर बुरशीचा थर, करडा, मधे मधे हिरवट. वासही आंबूस. आठ वाजले होते, साडेनऊला उपासना. मी पाच मिनिटं तशीच उभी राहिले, आणि मग चमच्याने थर काढला, उरलेलं गाळलं, साखर घातली, एक उकळी आणली. उकळलं की सगळं मरतं, असं स्वतःला सांगितलं. आणि तो रस मी प्रभूच्या मेजावर नेऊन ठेवला. आई, तो मी स्वतःही घेतला. डोळे मिटून, भक्तिभावाने.

काहीतरी बिघडलंय हे लोकांना कळलं. कळणारच होतं. पहिल्या बाकावरच्या आजोबांनी तोंड वाकडं केलं, दोघी-तिघी पदरात थुंकल्या. उपासनेनंतर मागच्या खोलीत कमिटीचे लोक जमले. एक जण म्हणाला, ‘‘पेले ओले ठेवले असतील, त्याचाच वास.’’ सगळ्यांनी मावशींकडे बघितलं. तुझ्या वेळच्याच मावशी, काचेचे ते इवलेसे पेले धुणाऱ्या, तू त्यांना पहिल्यांदा ते काम शिकवलंस तेव्हा त्या लग्न होऊन नुकत्याच नाशकात आल्या होत्या. पाळकसाहेबांनी मला विचारलं, ‘‘ताई, तुमचा रस नेहमीसारखाच होता ना?’’ मी म्हणाले, ‘‘हो, नेहमीचाच.’’ बघ ना, शब्दाला धरून खोटंही नव्हतं. नेहमी हयगयच तर करत होते.  मावशी हातातलं फडकं घडी करत राहिल्या.

पुढच्या महिन्यापासून प्लास्टिकचे पेले आले, वापरा आणि फेका. मावशींना कोणी काढून टाकलं नाही, आमच्यात तेवढं तोंडावर कोणी बोलत नाही. नुसतं त्यांना करायला काही उरलं नाही. त्या आधी मागच्या बाकावर बसायला लागल्या, मग दाराजवळ, मग यायच्याच बंद झाल्या. आता सिन्नरला मुलीकडे असतात. मुलीचा फोन आला की आई अंथरुणाला खिळलीय, तर मागच्या मंगळवारी मी एसटीने गेले. सांगायचं ठरवूनच गेले होते, तुझी शपथ. केळी घेतली, बायबल घेतलं.

मावशींनी माझा हात धरला. म्हणाल्या, ‘‘बरं झालं तू आलीस. माझ्या मनाला लय दिवस लागून राहिलंय बघ. त्या दिवशी पेले माझ्याच हातून नीट धुतले गेले नसतील. नजर अधू झाली होती ना. देवाच्या मेजाला माझ्यामुळं डाग लागला. तुझ्या आईनं एवढं शिकवलं, आन् मी असं केलं. तू तरी मला माफ कर.’’

आई, मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं होतं. दारात मुलगी चहा घेऊन उभी होती, जावई खुर्चीत होता, दोघंही माझ्याकडे केवढ्या आदराने बघत होते. मी म्हणाले, ‘‘जाऊ द्या मावशी. होतं असं माणसाच्या हातून. मी कधीच माफ केलंय.’’ वर त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मावशी रडल्या. मुलगी म्हणाली, ‘‘ताई, आज किती दिवसांनी आई शांत झोपेल.’’ शी! किती किळसवाणं आहे हे. माझ्या पापाची माफी मी त्या बाईला दिली, आणि त्यावर चहा प्यायले. साखर कमी आहे, अजून थोडी घाल, असंही म्हणाले.

कोणाला ठार मारलं नाही, कोणाचं घर बुडवलं नाही. मोठं असं एकही पाप मी केलेलं नाही, शोधून दाखव. एक बाटली दुसऱ्या महिन्याला ठेवली, एवढंच. आणि आता एक म्हातारी बाई मी केलेला गुन्हा स्वतःचा मानून मरायला टेकलीय.

मुलीचा आज सकाळी पुन्हा फोन आला, डॉक्टरांनी दोन-चार दिवस सांगितलेत. संध्याकाळी पाचची गाडी आहे. ती पकडून जावं आणि मुलगी-जावयासमोर सांगून यावं, असं वाटतंय. ‘जाणार आहे’ असं दोनदा लिहिलं आणि दोन्ही वेळा खोडलं. कारण तुला कळवण्यासारखी खरी गोष्ट वेगळीच आहे: मी मंगळवारपासून मनात कुठेतरी वाट बघतेय, मी सांगायच्या आधीच मावशी जाव्यात म्हणून.