माशांसाठी आरओ

११ जानेवारी २०१५, रविवार
अजून एक गेला! आठवड्यातला दुसरा. ताटलीएवढा, निळ्या रेघांचा डिस्कस मासा, खास हैदराबादहून मागवलेला. सकाळी बघते तर टाकीच्या तळाशी आडवा. सहाचे चार उरले.

मासे पाळायची कल्पना अक्षराच्या क्लासमधल्या समुपदेशक बाईंची. बारावीच्या मुलीसमोर मासे पोहले की एकाग्रता वाढते म्हणे. बाईंच्या मनात साधे गोल्डफिश असतील. पण आमच्या यांना साधं चालत नाही! हार्डवेअरच्या दुकानात दिवसभर खिळे विकतात, घरात मात्र सगळं एक नंबर पाहिजे.

मासेवाले सलीमभाई पाणी तपासून गेले. "भाभी, तुमच्या बोरला क्षार लई हाय. ही मच्छी नरम पाण्याची. छोटा आरओ बसवा, साधा. अन् त्यात थोडं बोरचं मिसळत जा."

हे म्हणाले, "छोटा कशाला?"

१८ जानेवारी, रविवार
आज सिद्धराम नावाचा आरओवाला आला. गळ्यात टाय. टेबलावर दोन ग्लास मांडले — एकात आमचं बोरचं पाणी, एकात त्याच्या मशीनचं. दोन्हीत लोखंडी कांड्या सोडून वीज लावली. बोरचं पाणी बघता बघता चहासारखं झालं, वर शेवाळी फेस!

"हे पिऊन राहिले तुम्ही, शिवलिंगप्पा," तो म्हणाला. यांचा चेहरा उतरला. आम्ही तर जारचं पितो!

अक्षरा पुस्तक पालथं ठेवून उठली. स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकलं. "काका, आता लावा वीज."

दोन मिनिटांत तिथंही चहा!

"घाण पाण्यातली न्हाई काका, तुमच्या लोखंडाची हाय. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, कांडी झिजते."

सिद्धराम टाय सैल करत म्हणाला, "बेबी लई हुशार हाय. डॉक्टर होणार!"

झालं! तेवढ्या एका वाक्यावर यांनी मशीन घेतलं. त्याच्याकडचंच. सगळ्यात मोठं.

१९ जानेवारी
सात टप्प्यांचं आहे. सातवा टप्पा चवीचा. माशांना!

२५ जानेवारी, रविवार
मशीन बसलं. एक बादली गोडं पाणी निघेपर्यंत तीन बादल्या खारं मोरीत जातं. तेही लातुरात, जिथं नळाच्या पाण्याची वाट आठ-आठ दिवस बघायची! धुण्याभांड्याच्या सरजाबाईंनी मोरीतल्या पाइपाखाली बादली लावली. "मासं गोडं पितेत, माणसं खाऱ्यात भांडी घासतेत. बरं हाय बाई तुमच्याकडं!"

मला हसू आवरेना. हे गंभीर. अक्षरा क्लासला गेलेली बघून यांनी टाकीतलं सगळं जुनं पाणी उपसलं आणि नवंकोरं भरलं. "शुद्ध म्हणजे शुद्ध!"

२६ जानेवारी
सकाळी एक मेलेला, बाकीचे तिघे तिरपे. अक्षरा रडत ओरडली, "पप्पा, एकदम सगळं बदलतेत का कुणी! अंगाला सवय नको का व्हायला?" बापासमोर आवाज चढवायची तिची ही पहिलीच वेळ. हे दाराशी उभे राहिले, हातात रिकामी बादली.

मग तीच क्षार मोजायचं मीटर घेऊन बसली. तीन तांबे आरओचं, एक तांब्या बोरचं. घाई न करता, थोडं थोडं. संध्याकाळी तिघेही सरळ पोहायला लागले. क्लास बुडाला. फोनवर मेसेज — "आपला पाल्य जादा तासाला अनुपस्थित. डॉक्टर असे घडत नाहीत."

८ फेब्रुवारी, रविवार
क्लासची पालकसभा. सर म्हणाले, "मुलांच्या आयुष्यातली अशुद्धी काढा. टीव्ही, मोबाइल, लग्नकार्यं, पाहुणे." पालक वहीत उतरवून घेत होते! एका बाईंनी विचारलं, "घरात आजी हायेत, त्यांचं?" सर म्हणाले, "परीक्षेपर्यंत गावाकडं."

घरी येताच यांनी टीव्हीची वायर काढली. मी भांडणारच होते, पण यांची आई आठवली. त्र्याण्णवच्या भूकंपात सासूबाई किल्लारीच्या ढिगाऱ्यातून जिवंत निघाल्या होत्या. हे त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले. डॉक्टर पोचेपर्यंत दुपार झाली. उशीर झाला. लग्नाच्या वर्षी एकदाच बोलले हे, परत कधी नाही. त्या दुपारशी मी कशी भांडू?

२० मार्च, शुक्रवार
माशांचं खाणं आणायला सलीमभाईंच्या दुकानी गेले. गल्ल्यावर त्यांची बायको जाहिदा होती. म्हणाली, "तुमची पोरगी तर रोज येते ना! परवा आमच्या अख्ख्या टाकीचा रोग तिनंच ओळखला."

रोज! म्हणजे क्लासमध्ये शंका विचारायचा जो तास असतो, तो इथं.

घरी येऊन अक्षराला समोर बसवलं. रागावणार होते. तीच बोलली, "आई, मला माणसांची डॉक्टर न्हाई व्हायचं. उदगीरला मत्स्यविज्ञानाचं कॉलेज हाय. तिथं जायचंय." आणि लगेच, "पप्पांना सांगू नको."

नाही सांगितलं. यांच्यापासून इतकं मोठं काही मी कधी लपवलं नव्हतं.

८ मे
सीईटी झाली. यांनी विचारलं, "पेपर कसा गेला?" ती म्हणाली, "गेला."

४ जून, गुरुवार
निकाल. मेडिकलपासून कितीतरी लांब. हे "बरं" म्हणाले, चपला घातल्या, दुकानावर गेले. क्लासचा फोन — रिपीटर बॅच सोमवारपासून, लवकर नाव द्या. अक्षरा माशांसमोर बसून आहे. उदगीरचं यांना कोण सांगणार? मीच. पण कोणत्या तोंडानं?

६ जून
आज बोलायचंच, असं ठरवलं. आधी कागद हाताशी असावेत म्हणून यांच्या कपाटात अक्षराचा शाळा सोडल्याचा दाखला शोधत होते. त्याच पिशवीत उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयाचा अर्ज निघाला. सीईटीच्या गुणांचा रकाना तेवढा कोरा, बाकी सगळा भरलेला — यांच्या अक्षरात. पालकाची सही केलेली. सहीखाली तारीख — १२ मे. निकालाच्या तीन आठवडे आधीची.